लाइन थांबवण्याचा अधिकार

२००४ साली मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत आयटी विभागात एका छोट्या टीमचे नाव फार खराब झाले होते. कंपनीचे कर्मचारी जगभर वापरत असलेल्या ऐंशीच्या आसपास प्रणालींमध्ये किरकोळ बदल करणे आणि चुका दुरुस्त करणे एवढेच तिचे काम. व्यवस्थापन अमेरिकेत रेडमंडला होते आणि प्रत्यक्ष काम हैदराबादच्या एका कंत्राटदार कंपनीकडे होते. तिथे तीन प्रोग्रामर आणि तीन टेस्टर होते. साधा बदल मागितला तरी तो हाती पडायला पाचेक महिने लागत आणि मागण्यांचा ढीग महिन्यागणिक वाढत होता. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की हैदराबादची ही कंपनी सीएमएमआय मानांकनाच्या पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, पायरीवर होती. तिचे लोक वॉट्स हम्फ्रे यांनी घालून दिलेली वैयक्तिक आणि टीमच्या पातळीवरची शिस्तही पाळत होते आणि त्यांच्या कामाच्या दर्जाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सॉफ्टवेअर उद्योग ज्याला सुधारलेली प्रक्रिया म्हणत होता, ती इथे पुरी बाणलेली होती, आणि तरीही गिऱ्हाईक वैतागलेले होते. या कोड्याची उकल पुढे नऊ महिन्यांत झाली. पण ती समजायला थोडे मागे, मोटारींच्या कारखान्यात जावे लागते. मोटारींच्या कारखान्यातून आलेली लीन आणि सॉफ्टवेअरमधली अजाइल या दोन्ही चळवळींचा इतिहास सहसा नव्या पद्धतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो अधिकाराच्या वाटणीचा इतिहास आहे. पद्धत उचलायला फारसे काही लागत नाही. काम थांबवण्याचा, नाकारण्याचा आणि एका वेळी किती घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क वरच्यांनी सोडला की नाही, यावर निकाल ठरत आला आहे.

टोयोटाची गोष्ट मागापासून सुरू होते. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबे, त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे. या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले. साकिचींचे चिरंजीव किचिरो यांनी १९३७ साली मोटार कंपनी उभी केली. युद्धानंतर ती दिवाळखोरीच्या कडेला पोहोचली. १९५० साली कामगारकपातीवरून मोठा संप झाला, सुमारे दोन हजार कामगार गेले आणि किचिरोंनी राजीनामा दिला. जे कामगार राहिले त्यांना मात्र नोकरीची हमी मिळाली. लीनविषयीच्या पुस्तकांत हा तपशील एका ओळीत उरकला जातो, तो मला कळीचा वाटतो. गोदामात माल साठवायला पैसा नाही आणि माणसे कमी करता येत नाहीत, या दुहेरी कोंडीत टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांनी आपली रीत बसवली. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने काही बनवायचे नाही. ती मागणी कानबान नावाच्या कार्डाने पोचवायची. आणि दोष दिसला की कुठल्याही कामगाराने डोक्यावरची दोरी ओढून लाइन थांबवायची. थांबणारा माग आणि थांबणारी लाइन यांत एक मोठा फरक आहे. माग यंत्रामुळे थांबतो. लाइन थांबवायला माणसाला तसा अधिकार असावा लागतो आणि तो वापरल्याबद्दल शिक्षा होणार नाही याची खात्री असावी लागते.

या फरकाची परीक्षा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी झाली आणि औद्योगिक इतिहासात इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच सापडतो. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ साली बंद पडला. रोज पाचातला एक कामगार गैरहजर असे, तक्रारअर्जांचे गठ्ठे पडून असत, अचानक संप होत, आणि गाड्यांचा दर्जा कंपनीत सर्वांत वाईटांपैकी होता. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना 'नूमी' या नावाने पुन्हा सुरू केला. इमारत जुनीच होती, कामगार संघटना जुनीच होती आणि सुरुवातीच्या कामगारांपैकी बहुसंख्य, सुमारे ८५ टक्के, जुने होते. गटप्रमुखांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात नेऊन शिकवले गेले. दोनेक वर्षांत गैरहजेरी काही टक्क्यांवर आली आणि उत्पादकता व दर्जा ताकाओकाच्या जवळ पोचला. माणसे चांगली असली की कुठलीही पद्धत चालते, असा एक लाडका युक्तिवाद आहे. फ्रीमाँटने तो तिथल्या तिथे निकाली काढला, कारण माणसे तीच होती. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणे हा गुन्हा होता आणि नव्या कारखान्यात ते कर्तव्य ठरले. १९८८ च्या सुमारास गाड्यांची विक्री घसरली, तेव्हा कुणालाही काढले गेले नाही. रिकाम्या वेळात प्रशिक्षण आणि कारखान्यातल्या सुधारणा यांना लोक लावले गेले. संघटनेला दिलेला शब्द पाळला गेला, म्हणूनच दोरी ओढणारे हात पुढेही दोरी ओढत राहिले.

मग जनरल मोटर्सने हे सगळे आपल्या इतर कारखान्यांत का नेले नाही? प्रयत्न झाले. त्याच राज्यातल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात ही पद्धत आणायची खटपट झाली, पण तिथे टीम म्हणजे जुन्या सवलती काढून घेण्याचा डाव आहे अशीच कामगारांची समजूत राहिली, आणि तो कारखाना १९९२ साली बंद झाला. दोरी बसवता येते, कार्डे छापता येतात. पण लाइन थांबली की आकडा कमी येतो, आणि व्यवस्थापकाची बढती त्या आकड्यावरच ठरत असेल तर दोरी ओढणाऱ्याकडे तो कोणत्या नजरेने पाहणार हे सांगायला नको. २००९ साली जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा नूमीचा धडा तिच्या डोळ्यांसमोर पंचवीस वर्षे होता. अर्थात टोयोटालाही देव्हाऱ्यात बसवू नये. सातोशी कामाता या पत्रकाराने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हंगामी कामगार म्हणून राबून जे लिहिले, त्यात लाइनचा जीवघेणा वेग आणि पिळवणूकच दिसते. ज्यांना नोकरीची हमी नव्हती, त्यांच्या वाट्याला या पद्धतीची दुसरी बाजू आली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याने माझे म्हणणे मोडत नाही. अधिकार आणि हमी नसताना उरते ती नुसती घाई.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला अधिकार देण्याची ही कल्पना पोचण्याआधी तिथे नेमकी उलट दिशा घेतली गेली होती. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत सॉफ्टवेअर वेळेत, खर्चात आणि धडपणे तयार होत नाही याची उघड कबुली दिली गेली. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात मोठ्या प्रणाली बांधण्याचे टप्पे एकाखाली एक असे आकृतीत दाखवले आणि लगोलग बजावले, की असे सरळ उतरत जाणे धोक्याचे आहे, शेवटच्या चाचणीत सगळे उलटू शकते, आणि पहिल्यांदाच बांधत असाल तर आधी एक छोटी आवृत्ती बांधून पाहा. वाचणाऱ्यांनी आकृती घेतली आणि इशारा सोडून दिला. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने काढलेल्या मानकावर याच उतरत्या टप्प्यांची छाप होती, आणि कंत्राटांच्या वाटेने ती रीत जगभर गेली. यात मूर्खपणाच होता असे मला वाटत नाही. सरकारला पैसे देण्यासाठी दाखवता येण्याजोगे टप्पे हवे असतात, आणि दोन टप्प्यांमधला कागद हाच त्याला पुरावा वाटतो. म्हणजे पुढे धबधबा (वॉटरफॉल) म्हणून ओळखले गेलेले हे चित्र इंजिनिअरांच्या गरजेतून कमी आणि हिशेबनिसांच्या गरजेतून जास्त आले.

त्याच संरक्षण खात्याच्या पैशातून १९८४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग संस्था स्थापन झाली. आयबीएममध्ये सत्तावीस वर्षे काढलेले हम्फ्रे तिथे आले आणि १९९१ साली सीएमएमची, म्हणजे सीएमएमआयच्या आधीच्या मानांकनाची, पाच पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध झाली. हम्फ्रे यांचे गुरू डेमिंग, ज्युरान आणि क्रॉस्बी हे गुणवत्तातज्ज्ञ होते. जपानी कारखान्यांना संख्याशास्त्रीय गुणवत्ता शिकवणाऱ्यांत डेमिंग आणि ज्युरान ही दोन नावे पहिली घ्यावी लागतात. तेव्हा सीएमएम आणि टोयोटा एकाच घराण्यातले आहेत, आणि दोघांना एकमेकांचे शत्रू ठरवणे इतिहासाला धरून नाही. भारतात ही शिडी जितक्या आवेशाने चढली गेली, तितकी ती अमेरिकेतही चढली गेली नाही. मोटोरोलाचे बंगळुरूतले केंद्र १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच पाचव्या पायरीवर पोचले आणि दशक संपेपर्यंत जगातल्या त्या पायरीवरच्या संस्थांत भारतीय केंद्रांचा वाटा मोठा झाला. पुण्यात टाटांनी १९८१ साली सुरू केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रातही सॉफ्टवेअर बांधण्याच्या रीती आणि साधने यांवर बरेच काम झाले. या सगळ्याकडे आज कागदी घोडे म्हणून पाहायची फॅशन आहे. ती मला अन्यायाची वाटते. दहा हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाला आपला बँकेचा किंवा विम्याचा व्यवहार सोपवायला परदेशी कंपनी तयार व्हावी, तर विश्वासाचे काहीतरी चलन हवे होते, आणि ते चलन या मानांकनाने पुरवले. फक्त ते विक्रीसाठी मिळवले गेले हे विसरता कामा नये. ऑडिट काय तपासते? ठरवलेली प्रक्रिया पाळली का, एवढेच. मुळात ती प्रक्रिया कुणी ठरवली आणि काम करणाऱ्याला ती बदलता येते का, हे प्रमाणपत्रावर कुठे लिहिलेले नसते.

याच काळात अमेरिकेत दुसरा प्रवाह वाहत होता. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ साली होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांतल्या नव्या उत्पादनांच्या टीमांचा अभ्यास मांडला आणि अशा टीमला रग्बीची उपमा दिली. जेफ सदरलँड यांनी १९९३ साली आणि त्यांच्यासोबत केन श्वेबर यांनी पुढे ज्या रीतीला स्क्रम म्हटले, तिचे नाव तिथून आले. केंट बेक यांनी क्रायस्लरच्या पगारप्रणालीवर काम करताना एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग घडवले. २००१ च्या फेब्रुवारीत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि अजाइल जाहीरनामा निघाला. त्याची कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे पुन्हा नको. एवढेच नोंदवायला हवे, की क्रायस्लरचा तो प्रकल्प चळवळीचा मानबिंदू झाला असला तरी डाइमलरशी विलीनीकरण झाल्यावर, २००० साली, तो बंद केला गेला. टीमने आपली अंतर्गत रीत कितीही सुंदर बसवली, तरी काम चालू ठेवायचे की नाही हे ठरवणारे लोक तिच्या बाहेर होते. मेरी आणि टॉम पॉपेनडिक यांनी २००३ साली लीन सॉफ्टवेअरवर पुस्तक लिहिले, ते याच उणिवेवर बोट ठेवते. मेरी यांनी थ्रीएम कंपनीच्या कारखान्यात लीन राबवताना पाहिले होते, त्यामुळे टीमच्या कक्षाबाहेर, मागणीपासून हातात पडेपर्यंतच्या पूर्ण वाटेकडे पाहायची सवय त्यांना होती.

आता हैदराबादकडे येऊ. रेडमंडला ड्रागोस दुमित्रिउ हा नवा व्यवस्थापक आला आणि कंपनीतल्याच डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीने त्याने पाच महिने नेमके कुठे जातात ते शोधले. एका बदलाला प्रत्यक्ष काम सरासरी दहा-बारा दिवसांचे होते आणि बाकीचा सगळा काळ मागणी पडून राहत होती. त्यातही भर अशी, की प्रत्येक नव्या मागणीचा खर्चाचा अंदाज दोन दिवसांत द्यायचा नियम होता. अंदाज काढायला एका प्रोग्रामरचा आणि एका टेस्टरचा जवळजवळ दिवस जाई, हातातले काम बाजूला पडे, आणि टीमच्या एकूण ताकदीतला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त या अंदाजांवरच खर्च होई. अंदाज काढलेल्या कित्येक मागण्या पुढे कधी केल्याच जात नसत. दर महिन्याला साहेबलोक बैठक घेऊन त्याच ढिगाचा क्रम पुन्हा लावत. हा नियम मानांकनाविरुद्ध नव्हता. तो अगदी शिस्तीत पाळला जात होता, आणि म्हणूनच रोग शिस्तीच्या कपाटात लपला होता. सुरुवातीला सुधारणा दोनच झाल्या. अंदाज मागणे बंद केले आणि एका वेळी टीमच्या हातात किती कामे असतील यावर मर्यादा घातली. जागा रिकामी झाली की मागणी करणाऱ्या विभागांनी आपसात ठरवून पुढचे काम द्यायचे. नंतर तीन-तीनच्या जागी चार प्रोग्रामर आणि दोन टेस्टर अशी वाटणी बदलली. नऊ महिन्यांत पाच महिन्यांची वाट दोनेक आठवड्यांवर आली आणि तिमाहीत पुरी होणारी कामे तिपटीच्या घरात गेली. प्रोग्राम लिहिण्याची किंवा तपासण्याची कुणाचीही पद्धत बदलली नव्हती. बदल झाला तो रेडमंडच्या विभागप्रमुखांच्या वागण्यात. वाटेल तेव्हा मागण्या टाकण्याचा आणि अंदाज वसूल करण्याचा हक्क त्यांनी सोडला. तो त्यांना सोडायला लावणे हेच या प्रयोगातले खरे कसब होते. सॉफ्टवेअरमधल्या कानबान पद्धतीची वंशावळ इथून सुरू होते.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. सॉफ्टवेअर म्हणजे मोटार नव्हे. कारखान्यात तेच दार हजारदा बसवायचे असते आणि प्रोग्रामरचे प्रत्येक काम नवे असते, मग एकाचे नियम दुसऱ्याला कसे लागू होतील? हा आक्षेप प्रमाणीकरणाच्या बाबतीत खरा आहे. प्रत्येक प्रोग्रामरने सारख्याच हालचाली कराव्यात असे म्हणणारा लीनचा पुरस्कर्ता खुशाल चुकीचा समजावा. पण रांगेचे गणित कामाच्या स्वरूपावर अवलंबून नसते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला साधा नियम सांगतो, की स्थिर व्यवस्थेत रांगेत सरासरी किती जण आहेत हे येण्याचा दर आणि सरासरी थांबण्याचा काळ यांच्या गुणाकाराइतके असते. रेशनच्या दुकानासमोर रांग वाढली आणि दुकानदाराचा वेग तोच राहिला, तर मागच्याला जास्त थांबावे लागणार, मग आत साखर मिळो की रॉकेल. टीमच्या हातात एकाच वेळी कमी कामे ठेवली की प्रत्येक काम लवकर बाहेर पडते. हे समजायला गणित पुरते. ते अमलात आणायला मात्र वरच्याला नाही म्हणणारा कुणीतरी लागतो. दुसरा आक्षेप पुराव्याच्या आकाराचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. सहा जणांची टीम आणि तिचा अहवाल प्रयोग करणाऱ्यांनीच लिहिलेला, यावर केवढी इमारत बांधायची? म्हणून विप्रोचे उदाहरण जोडून पाहावे. विप्रोने २००४ च्या सुमारास सॉफ्टवेअर प्रकल्पांत लीन आणायला सुरुवात केली, आणि ब्रॅडली स्टॅट्स, डेव्हिड ब्रुनर व डेव्हिड अप्टन या संशोधकांनी तिथल्या लीन आणि बिगर-लीन प्रकल्पांची तुलना करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक निकषांवर लीन प्रकल्प सरस ठरले. कुठले प्रकल्प लीन करायचे हे कंपनीच निवडत होती, ही त्यातली मर्यादा आहे. तरी स्टॅट्स आणि अप्टन यांनी या ज्ञानकामाबद्दल पुढे जे लिहिले, त्यात अडचण दिसताच पाहणाऱ्यानेच ती सोडवावी यावरचा भर माझ्या मुद्द्याला जुळणारा आहे.

मग भारतातल्या हजारो टीमा आज रोज सकाळी उभ्याने बैठक घेतात, दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक तुकडे, चालवतात, भिंतीवर किंवा पडद्यावर पाट्या सरकवतात, आणि तरी कित्येकांना काहीच बदलल्यासारखे का वाटत नाही? आळस किंवा अर्धवट प्रशिक्षण ही उत्तरे मला पटत नाहीत. दोन दिवसांचा वर्ग करून स्क्रम मास्टरचे प्रमाणपत्र घेतलेले लोक आता गल्लोगल्ली भेटतात. अडचण कंत्राटात आहे. माणसामागे तासाप्रमाणे बिल लावणाऱ्या कंपनीत चाळीस जणांचे काम पंचवीस जणांत होऊ लागले, तर पंधरा जणांचे बिल बुडते, आणि ते पंधरा जण बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, बसतात. बेंच म्हणजे काय हे पुण्या-बंगळुरूत वेगळे सांगावे लागत नाही. टोयोटाने १९५० साली आणि नूमीने पुढे जी हमी दिली, तिच्या अगदी विरुद्ध टोकाची ही व्यवस्था आहे. इथे सुधारणा सुचवणारा माणूस स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या खुर्चीखालची जमीन काढत असतो. ठरलेल्या रकमेच्या कंत्राटात उलटी कोंडी होते. काय बांधायचे हे सहीच्या दिवशीच पक्के असते, म्हणून मध्येच शिकून दिशा बदलायला वावच नसतो, आणि त्या कागदावर स्प्रिंटची झालर तेवढी लावली जाते. सॉफ्टवेअरविषयी लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी थॉटवर्क्स कंपनीच्या बंगळुरू केंद्राच्या अनुभवावर लिहिलेल्या लेखात दोन्ही देशांत माणसांची सतत ये-जा ठेवण्यावर आणि निर्णयांचा काही भाग भारतातच घेण्यावर जोर दिला आहे, तो उगाच नाही. अंतर किलोमीटरचे होतेच, पण निर्णयाचे अंतर त्याहून जास्त होते.

असेही म्हणता येईल की गिऱ्हाईक देवो भव मानणाऱ्या सेवाउद्योगाला हा अधिकार मिळणेच अशक्य आहे, मग नसलेल्या गोष्टीची अपेक्षा कशाला? पण हैदराबादची टीम कंत्राटीच होती. तिला अधिकार मिळाला तो अंदाजांच्या नियमामुळे आपल्याच लोकांचे किती नुकसान होते हे गिऱ्हाइकाला आकड्यांत दाखवून. ती मोजमापे तिथे उपलब्ध होती, कारण सीएमएमआयची शिस्त तिथे होती. म्हणजे ज्या मानांकनाला आपण कागदी ठरवतो, त्याच्याच वह्यांनी सुधारणेचा पुरावा पुरवला. भारतीय कंपन्यांकडे असल्या वह्या इतर कुणापेक्षा जास्त असतील. प्रश्न आहे तो त्या ऑडिटरसमोर उघडायच्या की गिऱ्हाइकासमोर, हा.

आपल्याकडच्या सॉफ्टवेअर उद्योगाचा इतिहास आजवर संस्थापकांच्या आत्मकथनांतून आणि मानांकनांच्या यादीतून लिहिला गेला. कामाचा अंदाज कुणी मागितला, कुणी दिला, तारीख कुणी ठरवली, चूक दिसल्यावर काम थांबवण्याची कुणाची हिंमत झाली आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्यात सापडत नाही. १९९० आणि २००० च्या दशकांत पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत, हैदराबादेत प्रोजेक्ट लीड, टेस्टर किंवा क्वालिटी विभागात काम केलेली पिढी आता निवृत्त होत आहे. मराठी माणसे तिच्यात भरपूर आहेत. त्यांनी आपल्या प्रकल्पांच्या नोंदी आणि आठवणी लिहून काढाव्यात, आणि त्यातही फसलेल्या प्रकल्पांच्या सगळ्यांत आधी.